कंपासपेटीतला काँट्रा

शुक्रवारी सकाळी सव्वासातला मी बॉसला मेसेज टाकला, ‘पोट बिघडलंय, आज येणं जमणार नाही’, आणि ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलो. पोट एकदम ठणठणीत होतं. मला चोरबाजारात व्हिडिओ गेमचा एक जुना पॅड शोधायचा होता. हे खरं कारण सांगितलं असतं, तर बॉसने मला नक्कीच डॉक्टरकडे पाठवलं असतं. पोटाच्या नव्हे, डोक्याच्या.

झालं होतं असं, की दादा कायमचा टोरांटोला निघाला होता. पुढच्या रविवारी पहाटेची फ्लाइट. घरात दोन महिने फक्त बॅगांचं वजन, मसाल्यांची पाकिटं आणि कुकर इथून न्यायचा की तिकडे घ्यायचा, याच चर्चा. आत्याने चांदीचा गणपती दिला, मित्रांनी जाडजूड जॅकेट. मी विचारलं, ‘तुला काय देऊ?’ तर म्हणाला, ‘काही नको रे. वजन होतं.’

आमच्यात बोलणं तसं कमीच. भांडण वगैरे नाही, पण ‘जेवलास का’च्या पुढे गाडी जात नाही. आम्ही दोघं शेवटचं भरभरून कधी बोललो होतो, हे आठवायला गेलो तर मला थेट काँट्राच आठवला. कोनामीचा तो गेम आधी १९८७ साली आर्केडमध्ये आणि १९८८ साली घरच्या कन्सोलवर आला. आमच्याकडे पोचेपर्यंत नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. कुणाकडे सामुराई होता, कुणाकडे मीडिया. आमच्या डब्यावर नावच नव्हतं, फक्त ‘९९९९ इन १’ची पिवळी कार्ट्रिज होती. (त्यात गेम पंधरा-वीसच, बाकीचे तेच तेच फिरून. आपल्या पिढीला मार्केटिंगचा पहिला फंडा तिथेच कळला.) दादा पहिला प्लेयर, निळी पँट. मी दुसरा, लाल पँट. काँट्रात एकाच्या लाइफ संपल्या की दुसऱ्याच्या खात्यातून उसनी घेता येते. मी कायम घ्यायचो, आणि दादा कायम बोंबलायचा.

तर ठरवलं, हातात मावणारा गेम स्वतः बनवायचा. रेडीमेड मिळतात की, ऑनलाइन ढिगाने मिळतात. पण ते द्यायला मी कशाला हवा?

त्यात माळा आवरताना दादाची शाळेतली पत्र्याची कंपासपेटी सापडली. आत खिळ्याने कोरलेलं त्याचं नाव, सातवी ब. पट्टी लावून मोजली: सतरा सेंटिमीटर लांब, सात रुंद, दोन खोल. पावणेतीन इंची स्क्रीनचं मॉड्यूल साधारण साडेआठ सेंटिमीटर लांब असतं. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर उरतात. डावीकडे दिशांची बटणं, उजवीकडे ए आणि बी. जणू पेटी त्यासाठीच बनवली होती. राहता राहिला प्रश्न दुसऱ्या प्लेयरचा. हातातल्या गेममध्ये एकच जण खेळतो, आणि एकट्याने काँट्रा म्हणजे एकट्याने पाणीपुरी. म्हणून चोरबाजार.

मटन स्ट्रीटवरची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी आजूबाजूच्या रस्त्यांवर जुम्म्याचा बाजार भरतो. मूळ नाव ‘शोर बाजार’, गोऱ्या साहेबांच्या तोंडून त्याचं ‘चोर’ झालं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. खरीखोटी कोण जाणे, पण शोर आहे यात वाद नाही. सकाळी लवकर गेलात तर माल दिसतो, दहानंतर नुसती माणसं. चादरीवर काय नव्हतं! एकेकटे बूट, दात नसलेली कवळी (म्हणजे तिला नेमकं काय म्हणायचं?), रिमोटांचा ढीग, कुणाच्या तरी लग्नाची व्हीएचएस कॅसेट.

पॅड मिळायला दीड तास गेला. एका चाचांच्या चादरीवर चार्जरच्या गुंत्यात करड्या रंगाचं काहीतरी दिसलं. ओढून काढलं तर पाठोपाठ दीड मीटर वायर आणि टोकाला नऊ पिनचा प्लग. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट. मधोमध अंगठ्याने गुळगुळीत झालेलं अधिकचं चिन्ह.

‘दोनशे.’

‘चाचा, चालू है क्या?’

‘चालू होता तो इधर होता?’

या लॉजिकपुढे काय बोलणार? ऐंशीला घेतला. आता याचा फंडा सांगतो. असा पॅड तब्येतीने सरळसाधा असतो. आत एक छोटी चिप आठही बटणांची हजेरी घेते आणि शाळेतल्यासारखी एकामागोमाग एक, एकाच वायरवरून कळवते. वीज, अर्थ, ‘हजेरी घ्या’चा इशारा, ‘पुढचा’चा इशारा आणि उत्तर, अशा पाचच वायरी. बिघडण्यासारखं फार काही नसतंच. बहुतेक वेळा एखादी वायर आतून तुटलेली असते, नाहीतर बटणाखालचं रबर झिजलेलं.

शनिवारी लॅमिंग्टन रोड. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे नोकरदार माणसाला शनिवारशिवाय गती नाही. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पोलीस स्टेशन आणि पोस्टमन सोडला तर ते कुणी वापरताना दिसत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचा होता आणि तिथला चॉकलेट-खोबऱ्याचा लॅमिंग्टन केक त्याच्या घराण्याच्या नावानेच ओळखला जातो असं सांगतात. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यातली एक या लॅमिंग्टनच्या हाताला लागली. एवढा सगळा इतिहास आणि आज त्याच्या नावाने आपण हार्ड डिस्क मागतो.

एके काळी हा थिएटरांचाही रस्ता होता. इथल्याच मिनर्व्हात ‘शोले’ १९७५ साली लागला आणि पाच वर्षं हलला नाही. आता मिनर्व्हा नाही. मुख्य रस्त्यावर लॅपटॉप आणि सीसीटीव्हीच्या चकाचक पाट्या आहेत. तिथे आपलं काम नाही. सुटे पार्ट हवेत तर आतल्या गल्ल्यांत शिरायचं. पाच फूट रुंदीची दुकानं, छतापर्यंत प्लास्टिकचे छोटे खण, काउंटरवर बोर्ड पसरून बसलेला मालक आणि समोर तीन रांगांत इंजिनीअरिंगची पोरं. इथली भाषाही वेगळी. रेझिस्टर मागितलात तर नवखे ठरता, ‘रजिस्टन्स’ म्हणायचं. भोकाभोकांचा साधा बोर्ड म्हणजे ‘झिरो पीसीबी’. बटणाला ‘टॅक्ट स्विच’. आणि भाव विचारताना ‘कितने का’ नव्हे, ‘दस पीस का क्या लगाओगे’.

पहिल्या दोन दुकानांत मेंदू मिळाला. रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू, च्युइंगगमच्या पाकिटाएवढा अख्खा कॉम्प्युटर. २०२१ साली तो पंधरा डॉलरला बाजारात आला. इथे हातात पडेपर्यंत दीड-दोन हजार धरून चाला. त्यात ५१२ एमबी रॅम आहे. आमच्या त्या जुन्या डब्याचं मूळ डिझाइन, म्हणजे १९८३ सालचा निन्टेंडोचा फॅमिकॉम, दोन केबी रॅमवर चालायचा, आणि सगळा सुपर मारिओ चाळीस केबीत मावायचा. आपण ऑफिसात सहीखाली जो कंपनीचा लोगो चिकटवतो ना, तोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. स्क्रीन ३२० बाय २४० ठिपक्यांची घेतली. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०, म्हणजे न ताणता न दाबता बरोब्बर बसतं. स्पीकर, छोटा अॅम्प्लिफायर, टॅक्ट स्विच, झिरो पीसीबी, पॅडसाठी नऊ पिनचं सॉकेट, हे सगळं तासाभरात झालं. सगळं मिळून एका बऱ्या डिनरच्या बिलाएवढं.

बॅटरीपाशी अडलो.

लिथियमचा अठरा-सहाशे-पन्नास नंबरचा सेल घ्यायचा होता. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब, म्हणून ते नाव. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत हेच असायचे. फुटपाथवर झगझगीत जांभळा सेल दिसला. वर लिहिलेलं ‘९९०० एमएएच’, भाव सत्तर. मी खुशीत दोन उचलले आणि चार्जिंगचं मॉड्यूल घ्यायला एका म्हाताऱ्या काकांच्या दुकानात शिरलो. पांढरा सदरा, कपाळावर चष्मा, समोर मल्टिमीटर. काकांनी माझ्या पिशवीतला जांभळा रंग पाहिला.

‘वो दिखाओ.’

सेल तळहातावर घेऊन नुसता झुलवला. मग ड्रॉवरमधून एक साधा, करडा, काहीच न लिहिल्यासारखा सेल काढून माझ्या दुसऱ्या हातात ठेवला. फरक डोळे मिटून कळत होता. चांगला सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमचा असतो. जांभळा भलताच हलका होता.

‘इस साइज में साडेतीन हजार से ऊपर आता ही नहीं. नौ हजार नौ सौ कहां से आएगा? अंदर क्या भरा है वो बनानेवाले को मालूम.’ मग विचारलं, ‘किसके लिए बना रहा है?’

‘भाई के लिए. कॅनडा जा रहा है.’

‘विमान में ले जाएगा?’ काकांनी चष्मा खाली घेतला. ‘फिर तो ये फेक दे.’

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. लिथियमचे सुटे सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. ते केबिन बॅगेत, टोकं झाकून न्यावे लागतात. शंभर वॉट-अवरच्या आत असलं की चालतं, आणि आपला सेल जेमतेम अकरा वॉट-अवरचा. पण पत्र्याच्या डब्यात हाताने जोडलेल्या वायरी आणि आत बॅटरी, हे एक्स-रे मशीनच्या पडद्यावर कसं दिसेल, याची जरा कल्पना करा. दादाची फ्लाइट चुकली असती तर आईने मला टोरांटोपर्यंत पोहत पाठवलं असतं.

काकांनीच तोड काढली. सेलला डाग द्यायचा नाही, सुटा ठेवायचा. एअरपोर्टवर पेटी उघडायची, सेल काढायचा, प्लास्टिकच्या डबीत घालायचा. त्यांनी चार्जिंगचं मॉड्यूलही बदलून दिलं. टीपी ४०५६ नावाच्या चिपचं हे निळं मॉड्यूल दोन प्रकारचं येतं. चार टोकांचं नुसतं चार्ज करतं. सहा टोकांच्यात आणखी एक सुरक्षा चिप असते. सेल फार उतरला किंवा वायरी एकमेकींना चिकटल्या तर ती वीज तोडते. फरक पाच-दहा रुपयांचा. मी चार टोकांचं मागितलं होतं.

मग पाच व्होल्ट करणारं बूस्टर. सेल देतो ३.७ व्होल्ट, पायला लागतात पाच. या बूस्टरवर एक पितळी स्क्रू असतो. तो फिरवून व्होल्टेज ठरवायचं. नवीन तुकडा किती व्होल्टवर सोडलेला असेल याचा काही नेम नसतो. काकांनी तिथेच सेल लावला, मल्टिमीटरच्या कांड्या टेकवल्या. आकडा आला एकोणीस.

‘ये सीधा लगाता तो?’

दीड-दोन हजारांचा धूर झाला असता, आणि दादा निघायला आठ दिवस. काकांनी स्क्रू फिरवत फिरवत आकडा पाचावर आणला, वर नेलपॉलिशचा थेंब टाकून स्क्रू पक्का केला. नेलपॉलिश गुलाबी होतं. याचे पैसे? ‘चाय पिला दे.’ चहा पिताना सांगत होते, आता पोरं मोबाइलवर वेबसाइट दाखवतात, ‘काका, इथे बारा रुपये कमी आहे.’ ‘मैं बोलता, तो उधर से ले ना. उसको बोल व्होल्टेज सेट करके देने को.’ खरं सांगतो, चार्जिंगचं ते मॉड्यूल माझ्याही कार्टमध्ये पडलेलं होतं. मी गुपचूप चहाचे पैसे दिले.

जांभळे सेल मात्र फेकून देता येत नाहीत, कचऱ्यात आग लागू शकते. काकांनीच ते ठेवून घेतले. भंगारवाल्याला वेगळे देतात म्हणाले.

जोडणी रोज रात्री जेवणानंतर, दादा घरी नसताना. तो निरोपाच्या पार्ट्यांना जायचा आणि मी ओट्यावर सोल्डरिंगला बसायचो. आईला ‘ऑफिसचं काम’ सांगितलं होतं. तिने राळेच्या धुरातून माझ्याकडे पाहिलं आणि एक्झॉस्ट लावला, बाकी काही विचारलं नाही. पत्र्याच्या पेटीत सर्किट बसवायचं म्हणजे आतून पूर्ण वेगळं करावं लागतं, नाहीतर जिथे टेकेल तिथे शॉर्ट. त्यासाठी आईच्याच गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची फिल्म कापून आत चिकटवली. एकदम पर्फेक्ट. दादाच्या कंपासपेटीत आईचा गुडघा.

घोळ झालेच. सेल अठरा मिलिमीटरचा, पण होल्डरसकट एकवीसचा होतो हे मी मोजलंच नव्हतं. झाकण लागेना. शेवटी होल्डर तोडून त्याच्या नुसत्या क्लिपा पेटीत बसवल्या. मंगळवारी पहिल्यांदा चालू केलं तर स्क्रीन पांढरीफटक. रात्री दीडपर्यंत एकेक वायर तपासत बसलो. एका पिनवर ड्राय सोल्डर निघालं, म्हणजे वरून चमकणारा पण आतून न धरलेला डाग. बुधवारी चित्र आलं, पण डावं दाबलं की गडी उजवीकडे पळतो. ती दुरुस्ती मात्र सेटिंगमध्ये दोन मिनिटांची. पॅडची वायर प्लगपासून चार बोटांवर तुटलेली होती, तेवढी कापून परत जोडली. पॅडची हजेरी वाचणारा ड्रायव्हर कुणीतरी भल्या माणसाने कधीच लिहून ठेवलाय.

आणि गेम? कॉपीराइटचा प्रश्न आहेच. हे जुने गेम जुने झाले म्हणून फुकट झालेले नाहीत, त्यांचे मालक अजून आहेत आणि ते विकतही आहेत. कोनामीने २०१९ साली काँट्राच्या जुन्या गेमचा संग्रह काढला, तो मी रीतसर विकत घेतला. ‘९९९९ इन १’चं पाप थोडं तरी फिटलं असेल.

शनिवारी रात्री अकराला पाहुणे गेले. बॅगा दारात उभ्या. दादा सोफ्यावर मोबाइलमध्ये बोर्डिंग पास बघत बसलेला. मी कंपासपेटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आधी नावच पाहिलं. मग झाकणातली स्क्रीन. काही बोलला नाही. स्विच दाबला. पाय सुरू व्हायला अर्धा मिनिट घेतो, तो अर्धा मिनिट फारच लांब होता.

मग ती ट्यून वाजली.

त्याची बोटं आपोआप चालली. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तीस लाइफचा कोड. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरने १९८६ साली ‘ग्रेडियस’साठी स्वतःच्या सोयीला तो घातला होता, कारण तपासताना त्याला स्वतःचाच गेम जमेना. २०२० साली हाशिमोतो गेले, पण त्यांचा कोड बांद्र्यापासून बार्शीपर्यंत पोरांच्या बोटांत राहिला.

‘सिलेक्ट दाब,’ मी म्हटलं, ‘दोघांसाठी.’ आणि खिशातून पॅड काढून सॉकेटमध्ये खुपसला.

पावणेतीन इंची स्क्रीनवर दोन बाप्ये खेळतात तेव्हा डोक्याला डोकं लागतं. दादाचे केस पातळ झालेत, हे मला त्या रात्री कळलं. धबधब्याच्या लेव्हलला तो नेहमीसारखा घाईने वर चढला, स्क्रीन वर सरकली आणि मी खाली मेलो. ‘थांब ना जरा!’ ‘तूच हळू आहेस, कायमचा.’ आई आतून ओरडली, ‘अरे, तीनला टॅक्सी आहे!’ सहाव्या लेव्हलला माझ्या तीसच्या तीस संपल्या. मी उसनी घ्यायला बटण दाबलं आणि तिरक्या नजरेने बघितलं. यावेळी तो बोंबलला नाही. नुसता म्हणाला, ‘घे.’ थोड्या वेळाने, स्क्रीनवरची नजर न काढता, ‘आईच्या गुडघ्याचं बघ हां. मागच्या डॉक्टरचं मला काही पटलं नव्हतं.’ मग बोलत राहिलो. गुडघा, घराचं लोन, त्याला तिकडची भीती वाटतेय का. वाटतेय म्हणाला.

सेल साडेतीन तास चालतो. तो संपायच्या आधी टॅक्सी आली.

पहाटे पाचला दादाचा फोन, गेटवरून. सिक्युरिटीवाल्याने ट्रेमधून कंपासपेटी उचलून विचारलं, ‘ये क्या है?’ दादा म्हणाला, ‘कंपास बॉक्स.’ (आमच्या घराण्यात हजरजबाबीपणा नाही.) सेल घालून चालू करून दाखवायला लावलं. मागे रांग चरफडतेय, पाय आपला अर्धा मिनिट घेतोय. शेवटी ट्यून वाजली. त्या गृहस्थाने स्क्रीनकडे वाकून बघितलं आणि विचारलं, ‘मारिओ नहीं है?’

पॅड त्याने नेला नाही. सोफ्यावरच ठेवून गेला. फोनवर विचारलं तर म्हणाला, ‘वजन होतं.’

प्लगची एक पिन वाकलीय, त्या रात्रीच्या ओढाओढीत. शनिवारी काकांकडे जाऊन नवा घेतो.